वाढवण बंदर आणि डोंगरातले पाडे

(डहाणू तालुक्याच्या कार्यकर्ता शिबिरात मे १९९८ मध्ये केलेलं भाषण. जे साथी येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. पाड्यावर वाचून दाखवावं.)

बायांनो, बाबांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या पोरांनो,

बंदरावर बोलायला आम्हाला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा आम्हीच म्हटलं की हा विषय किनाऱ्यावरच्या लोकांचा आहे. वाढवण, वरोर, चिंचणी इकडच्या मच्छीमारांचा, मांगेल्यांचा. आपण रेल्वेच्या पलीकडले, डोंगराकडचे. मागच्या महिन्यात महालक्ष्मीच्या जत्रेआधी आम्ही पाड्यापाड्यावर बैठका घेतल्या, तेव्हा एका म्हाताऱ्या बाबाने सरळ विचारलं, "समींदर आपला नाय. तिथं ते काय बी बांधू देत, आपलं काय जातंय?" आणि त्याच बैठकीत बारावी नापास झालेला एक पोरगा म्हणाला, "बंदर झालं तर काम तरी मिळेल. दिवाळी झाली की भिवंडीला वीटभट्टीवर जायचं, नाहीतर रेती काढायला खाडीत बुडी मारायची, त्यापेक्षा बरं."

या दोन्ही प्रश्नांना त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. घोषणा दिल्या आणि उठलो. घरी येताना लाज वाटली. म्हणून आज घोषणा कमी आणि या दोन प्रश्नांवरच बोलतो.

पहिला प्रश्न बाबाचा. समुद्रात बंदर, आपलं काय जातं?

१९९७ साली सरकारने पी अँड ओ या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीबरोबर वाढवणला मोठं बंदर करायचं ठरवलं. तिथे समुद्र खोल आहे, मोठी जहाजं येतील, असं त्यांचं म्हणणं. आता बंदर म्हणजे नुसती जहाजं नव्हेत. लाटा अडवायला समुद्रात लांब बांध घालावा लागतो. जहाजातला माल उतरवून ठेवायला सपाट जागा लागते, ती समुद्र बुजवून करतात. हा बांध आणि हा भराव कशाचा? दगडाचा आणि मुरमाचा. वाढवणच्या किनाऱ्यावर डोंगर नाही. डोंगर आपल्याकडे आहे. तिथून इथपर्यंत मधे सगळी भातशेती, वाड्या, आणि मग आपले पाडे. म्हणजे समुद्रात जो दगड पडणार तो आपल्या डोंगराचा पडणार. नकाशात बंदर वाढवणला दाखवतात. खाण कुठे असणार ते त्या नकाशात दाखवत नाहीत.

मग रस्ता. माल बंदरातून आठ नंबरच्या हायवेला न्यायचा तर पूर्वेकडेच यावं लागतं. रेल्वेची नवी लाइन वेगळी. पाणी लागणार, ते सूर्या नदीचं. धामणीच्या धरणात आपलीच गावं बुडाली. तेव्हा सांगितलं होतं की पाणी शेतीला मिळेल. कालव्याच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांनी हात वर करा, किती जणांच्या शेतात उन्हाळ्यात पाणी येतं? (कुणी हात वर केला नाही.) त्याच पाण्याला अजून एक मोठा गिऱ्हाईक येणार आहे आणि त्याच्या खिशात आपल्यापेक्षा जास्त पैसे आहेत.

खाण म्हणजे काय ते आम्हाला पुस्तकात वाचावं लागलं नाही. आमच्या पाड्याच्या बाजूच्या टेकडीवर तीन वर्षांमागे एक खाण सुरू झाली. मालकाचं नाव इथे घेत नाही, ते प्रकरण तहसीलमध्ये चालू आहे. पहिले दोन महिने सगळे खूश. दगड फोडायला बायांना काम, पोरांना ट्रकवर क्लीनरचं काम, रोज संध्याकाळी हातात रोख. किराणा दुकानात उधारी फिटली. आमच्यातल्याच एकाने खाणीच्या कागदावर सही केली होती, त्याला आम्ही तेव्हा काही बोललो नाही, कारण आमच्या घरातही त्या खाणीचा पैसा येत होता. हे सांगायला जड जातं, पण सांगायला हवं.

मग सुरुंगाचे धक्के बसून कुडाच्या भिंतींचं सारवण पडायला लागलं. ते परत सारवता येतं. पण टेकडीच्या पायथ्याला एक झरा होता, मे महिन्यातसुद्धा त्यात एक हंडा भरायला बसलं तर भरायचा. पुढच्या उन्हाळ्यात तो आटला. खालच्या बाजूच्या दोन शेतांत भुकटी बसून नागली पिवळी पडली. आणि मग मशीन आलं, क्रशर. ज्या बाया दगड फोडत होत्या त्यांचं काम त्या मशीनने घेतलं. आज त्या खाणीवर आमच्या पाड्यातले चार जण आहेत. बाकीचे दिवाळीनंतर परत भिवंडीला जातात. फरक एवढाच की आता गेल्यावर म्हाताऱ्यांना पाण्यासाठी दीड तास चालावं लागतं.

एका छोट्या खाणीचं हे असं. समुद्र बुजवायला किती टेकड्या लागतील, त्याचा हिशोब कुणी आपल्याला दिलेला नाही.

आता पोराचा प्रश्न, कामाचा. हा जास्त कठीण आहे.

याचं उत्तर शोधायला आम्ही चार जण थंडीच्या शेवटी उरणला जाऊन आलो. तिकडे न्हावा-शेव्याला बंदर होऊन आता नऊ वर्षं झाली. आपल्याला जे दहा वर्षांनी दिसायचं ते तिथे आजच दिसतं म्हणून गेलो. दुसरं एक कारण, तिथे आता एक खाजगी टर्मिनल बांधायला घेतलंय आणि ते काम मागल्या वर्षी मिळालं ते याच पी अँड ओ कंपनीच्या गटाला.

पनवेलहून एसटीने जाताना दोन्ही बाजूंना कंटेनर दिसतात. घरावर घर ठेवावं तसे एकावर एक लोखंडी डबे. ट्रेलरची रांग संपत नाही. आमच्यातली एक साथीदार म्हणाली, इथे माणसं कुठे आहेत? खरंच, मोठ्या क्रेनच्या वर काचेच्या खोलीत एक माणूस बसलेला. खाली शंभर माणसांनी करावं ते काम तो एकटा करत होता. पूर्वी मुंबईच्या गोदीत हमाल पोती पाठीवर वाहायचे. हे बंदर तशा कामासाठी बांधलेलंच नाही.

तिथली हकिगत थोडक्यात सांगतो. १९७० साली नवी मुंबईसाठी सरकारने ठाणे, पनवेल आणि उरणकडची ९५ गावं संपादनात घेतली. शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच शेतकरी गेले. त्या पाच जणांमुळे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. १९८९ च्या मे महिन्यात बंदर सुरू झालं. पण बंदराला ज्यांची जमीन गेली ते लोक त्या साडेबारा टक्क्यांसाठी आजही खेपा घालतायत. शेवा नावाचं गावच उठवलं. शेतकऱ्यांना एकीकडे वसवलं, कोळ्यांना दुसरीकडे, हनुमान कोळीवाड्यात. तिथल्या घरांना वाळवी लागली आहे. आम्ही आत जाऊन पाहिलं, दाराची चौकट बोटाने दाबली तर आत गेली.

खोटं सांगायचं नाही. काही जणांना बंदरात कायम नोकऱ्या लागल्या. त्यांची घरं पक्की आहेत, पोरं इंग्रजी शाळेत जातात, दारात मोटारसायकल आहे. ते आम्हाला चहा पाजून म्हणाले, आमचं वाईट झालं नाही. पण त्यांच्याच भावाचं नाव यादीत बसलं नाही, तो आज ट्रेलरच्या गॅरेजमध्ये ग्रीस लावतो. एका सातबाऱ्यावर चार भाऊ असले तर नोकरी एकाला.

ज्यांचा सातबाराच नाही त्यांचं काय? हे बघायला आम्ही कातकऱ्यांच्या वाडीवर गेलो. ते आपलेच, आदिवासी. कुणी मिठागरात राबायचं, कुणी खाडीत खेकडे, निवट्या, कोळंबी धरायचं. त्यांच्यातल्या एका बाईला आम्ही विचारलं, मावशी, तुम्हाला काय नुकसानभरपाई मिळाली? ती हसायलाच लागली. म्हणाली, "भरपाई द्यायला आमचं काय घेतलंय असं त्यांच्या कागदावर लिवलंय का?" खाडी बुजली ती कुणाच्या नावावर नव्हती. मिठागर शेटचं होतं, पैसे शेटला मिळाले. मग ती म्हणाली, तुम्ही आता आलात, बंदर व्हायच्या आधी आला असतात तर बरं होतं. तिला काय बोलणार.

आपण त्या शेतकऱ्यांसारखे आहोत की त्या मावशीसारखे, याचा विचार करा. आपल्यातल्या किती जणांकडे स्वतःच्या नावाचा सातबारा आहे? बाकीचे वनखात्याच्या प्लॉटवर. बाप कसायचा, आजा कसायचा, पण कागदावर जमीन सरकारची आणि आपण अतिक्रमण करणारे. दंडाची पावती असली तर नशीब. उद्या तो डोंगर खाणीला किंवा रस्त्याला गेला तर भरपाई वनखात्याला जाईल. आपल्याला नोटीससुद्धा येणार नाही, कारण नोटीस कागदावरच्या नावाला येते.

आता सरकार काय म्हणतं ते बघू. म्हणतं की विकास होईल, जिल्ह्याचं उत्पन्न वाढेल. वाढेलही. पण उत्पन्न मोजतात कसं, ते गेल्या शिबिरात समजून घेतलं होतं, ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी परत सांगतो. सगळ्यांच्या कमाईची बेरीज करायची आणि माणसांच्या संख्येने भागायचं, त्याला दरडोई उत्पन्न म्हणतात. आपला ठाणे जिल्हा राज्यातल्या कारखानदारीच्या पहिल्या जिल्ह्यांत मोजतात. ठाणे, बेलापूर, कल्याण, तारापूर, सगळीकडे धुराडी. आणि याच जिल्ह्यात जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२ साली शंभरावर मुलं उपासमारीने आणि आजाराने मेली. मंत्री आले, पेपरवाले आले. ती मुलं मेली त्या वर्षीही जिल्ह्याचा सरासरीचा आकडा चांगलाच होता. बेलापूरच्या कारखान्याचा फायदा आणि वांगणीच्या पोराची रिकामी थाळी एकत्र मिसळली की थाळी दिसत नाही.

अजून एक गंमत. आपण झऱ्याचं पाणी पितो, ते त्या उत्पन्नात धरत नाहीत, कारण त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. झरा आटला आणि टँकर आला की टँकरचं बिल उत्पन्नात धरतात. रानातली भाजी, कंद, मोहाची फुलं, ओढ्यातले मासे, पावसाळ्यातले खेकडे, घर शाकारायला गवत, कुडाला कारवी, यातलं जे आपण खातो-वापरतो ते जवळजवळ काहीच त्यांच्या वहीत नाही. डोंगर उभा असला तर शून्य. डोंगर फोडून ट्रकात भरला की वाढ. आता जगात सगळेच असं मोजत नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघ १९९० पासून दर वर्षी मानव विकासाचा अहवाल काढतो, त्यात माणूस किती वर्षं जगतो, शिकतो किती, हेही धरतात. आपल्या पाड्यावर आपणच एक मोजणी करूया असं आमचं म्हणणं आहे. किती महिने घरचं धान्य पुरतं, पाणी किती लांब, किती महिने माणूस बाहेरगावी असतो, बाळंतपणाला दवाखाना किती लांब, शाळेत मास्तर आठवड्यातून किती दिवस येतो. बंदरवाल्यांना विचारू की यातला कुठला आकडा तुमच्यामुळे सुधारेल, ते लिहून द्या.

डहाणूच्या खाडीवर थर्मल पॉवर आहेच आपल्यासमोर. ५०० मेगावॅट. तेव्हाही उजेड येईल म्हणाले होते. ती वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. आपल्या कितीतरी पाड्यांवर आजही रॉकेलची चिमणी, आणि रॉकेलसुद्धा रेशनवर महिन्याच्या शेवटी संपलेलं.

आता एका अवघड गोष्टीवर येतो. बैठकीत दबक्या आवाजात सगळे बोलतात, मग इथे उघडच बोलू. बंदराच्या विरोधात कोण कोण आहे? मच्छीमार आहेत. डायमेकर आहेत, त्यांचा घरोघरी चालणारा धंदा आहे. आणि चिकूच्या वाड्यांचे मालकही आहेत. आपले बाप-आजे ज्यांच्याकडे वेठीला होते त्यांच्यातल्याही काहींची पोरं-नातवंडं त्यात आहेत. १९४५ साली गोदूताईंबरोबर वारली उठला तो याच जमीनदारांविरुद्ध, तलवाड्याला गोळ्या खाल्ल्या त्या याच लढ्यात. आजही वाडीत चिकू तोडणाऱ्या बाईला कायद्याची मजुरी मिळत नाही, ती मागितली तर उद्यापासून येऊ नको म्हणतात. मग त्यांच्या वाड्या वाचवायला आपण मोर्चात का जायचं? आमच्यातल्या काही साथींचं म्हणणं आहे, जायचं नाही.

आम्ही यावर खूप भांडलो. दोन रात्री भांडलो. शेवटी बहुतेकांचं मत असं झालं की बंदराला विरोध आपल्या डोंगरासाठी करायचा, आपल्या बॅनरखाली, आपल्या मागण्या घेऊन. त्यांच्या गाडीत बसून जायचं नाही. आणि त्यांच्या सभेत आपला माणूस बोलायला उभा राहील तेव्हा चिकूवर धूळ बसेल एवढंच बोलून खाली बसायचं नाही, वाडीतल्या मजुरीवरही बोलायचं. ते ऐकून घेणार असतील तर बरोबर चालू. मच्छीमारांशी वेगळं बोलायला हवं. आपली पोरं त्यांच्या बोटीवर खलाशी म्हणून जातात, नारळी पौर्णिमेपासून मे अखेरपर्यंत. तिथे तांडेल काही वेळा आपल्या पोराला वाईट वागवतो हे खरं. पण बोट बंद झाली तर तेही काम जाईल, आणि ते काम आज हातात आहे. हे मत सगळ्यांना पटलेलं नाही. जेवणानंतर गटांत चर्चा करा, ज्यांना पटत नाही त्यांनी तसं मोकळं सांगा.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण तलाठी आणि फॉरेस्टवाले आपल्याला कायदा येत नाही असं धरून चालतात.

२० जून १९९१ ला दिल्लीच्या सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. सगळ्या तालुक्यात मिळून उद्योगांना ५०० एकरांपेक्षा जास्त जागा देता येत नाही. ते पाळलं जात नव्हतं म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले, ऑक्टोबर १९९६ मध्ये निकाल लागला, आणि डिसेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं. बंदर होऊ द्यायचं की नाही हा विषय त्या प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो. तिथे पर्यावरणवाले आपली बाजू मांडतील, चांगले वकील मांडतील. पण खाणीचं पाणी आणि प्लॉटची जमीन ही आपली बाजू आपणच मांडायला हवी, नाहीतर ती कागदावर येणारच नाही, उरणच्या मावशीसारखी.

दुसरा कायदा २४ डिसेंबर १९९६ चा, अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा. आपला डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. या कायद्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या. जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेचा किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीचा सल्ला घ्यायला हवा. आणि गौण खनिज, म्हणजे दगड, मुरूम, रेती, यांच्या खाणीचा परवाना देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस हवी. कायद्यात 'किंवा' हा शब्द आहे. म्हणून ते सरपंचाला एकट्याला जीपमध्ये बसवून नेतील, पंचायतीची सही घेतील आणि ग्रामसभा झाली असं लिहितील. आमच्या पाड्यावर खाणीच्या वेळी असंच एकाच सहीने काम झालं. तेव्हा हा कायदा नव्हता. आता आहे.

तिसरं, आंध्रमधला समता संस्थेचा निकाल, जुलै १९९७. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीन खाजगी कंपनीला खाणीसाठी भाडेपट्ट्याने देता येत नाही. तो आंध्रच्या कायद्यावरचा निकाल आहे, इथे तो कसा लागू करून घ्यायचा त्यावर वकिलांशी बोलणं चालू आहे. त्यावर फार भिस्त ठेवू नका.

त्या बारावी नापास पोराला अजून उत्तर दिलेलं नाही, ते विसरलो नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे, काम हवंच. डोंगर वाचला आणि तो परत वीटभट्टीवरच गेला तर आपण काय मिळवलं? म्हणून बंदर नको म्हणताना बाकीच्या मागण्या मागे पडू द्यायच्या नाहीत. रोजगार हमीचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवं, मार्चमध्ये नाही, तोवर माणसं भिवंडीला गेलेली असतात. त्या कामात बांधबंदिस्ती आणि आपल्या ओढ्यांवरचे बंधारे घ्यायला हवेत. सूर्याचं पाणी टोकापर्यंत आलं तर दुसरं पीक निघेल, दुसरं पीक निघालं तर चार महिने माणूस घरी राहील. आणि प्लॉट नावावर. एवढं झाल्यावरही त्याला बंदरातच नोकरी करायची असेल तर ती त्याची मर्जी, पण आज ते त्याला क्रेनच्या खोलीत बसवणार नाहीत, दगड फोडायलाच बोलावतील, तेही क्रशर येईपर्यंत.

आता कामाचं. पाऊस सुरू व्हायच्या आत प्रत्येक पाड्याने बैठक घ्यायची. पाड्याची वेगळी ग्रामसभा सरकार मानत नाही अजून, तरी घ्यायची. ठरावाचा मसुदा आज वाटतोय, त्यात तीन मुद्दे आहेत: आमच्या हद्दीत बंदरासाठी खाणीला शिफारस नाही, आमच्याशी बोलल्याशिवाय रस्त्याची मोजणी नाही, आणि वनजमिनीच्या दाव्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत एकही प्लॉट हलवायचा नाही. तो आपल्या बोलीत वाचून दाखवा. बाया पाणी भरून आल्यावर बैठक घ्या, आधी घेतली तर निम्मा पाडा बैठकीला नसतो. सह्या आणि अंगठे घ्या, प्रत्येकाच्या नावापुढे तो कसतो त्या जागेचं नाव लिहा, गट नंबर माहीत नसला तरी चालेल, आंब्याखालचं, ओहळावरचं, जे म्हणतात ते लिहा. तीन प्रती करा. एक ग्रामपंचायतीत, एक तहसीलदाराकडे, एक आपल्याकडे. पंचायतीत आणि तहसीलात दिलेल्या प्रतीची पोच शिक्क्यासह घ्या. गेल्या वेळी खाणीच्या तक्रारीची पोच आम्ही घेतली नव्हती, आणि आता ऑफिसात असा अर्ज आलाच नाही म्हणतात.

मोजणीवाले आले तर त्यांना पाणी द्या, बसवा, आणि हुकूम दाखवा म्हणा. एकाने कासाला निरोप घेऊन निघायचं.

जिंदाबाद!